गुरुवारचं घर

वडील गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली तेव्हा तळाशी एक शाळकरी वही सापडली. पुठ्ठा गेलेला, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. पहिल्या पानावर गणितं नव्हती, शुद्धलेखनही नव्हतं. एक यादी होती:

सोम – मास्तर. मंगळ – वैद्य. बुध – वकील. गुरु – कारकून. शुक्र – आत्याबाई. शनि – सावकार. रवि –

रविवारच्या पुढे नुसती रेघ.

माझ्या भाचीला ही यादी दाखवली आणि म्हटलं, आजोबा वारावर जेवायचे. तिला वाटलं पंढरीच्या वारीचं काहीतरी आहे. तिचाही दोष नाही. हा शब्द तिच्या जन्माच्या खूप आधी घरातून गेला. माझ्या लहानपणी मात्र 'वार लावून शिकला' एवढं म्हटलं की माणसाचा अर्धा इतिहास सांगून व्हायचा.

वडील १९३४ साली गुहागरकडून पुण्याला आले, तेव्हा अकरा वर्षांचे होते. सहाव्या वर्षीच त्यांचे वडील गेले होते. घरी आई, दोन धाकट्या बहिणी आणि खोताकडे अर्धीअधिक गहाण पडलेली बाग. गावात मराठी चौथीपर्यंत शाळा, पुढे काही नाही. गावच्या भटजींनी पुण्यातल्या एका ओळखीच्या मास्तरांना चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी, एक वळकटी आणि तांब्या घेऊन एवढासा मुलगा सर्व्हिस मोटरने कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला आला आणि तिथून रेल्वेने पुण्याला. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात जिन्याखालच्या खोलीत तीन मुलं राहत, तिथे चौथ्याची वळकटी पसरली. राहण्याची सोय झाली. आता जेवण.

गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यापुढे त्या काळी दोन वाटा होत्या. एक माधुकरीची. मधमाशी जशी फुलाफुलावरून थोडं थोडं गोळा करते, तसं झोळी घेऊन पाच-सात दारी उभं राहायचं, 'भवति भिक्षां देहि' म्हणायचं आणि मिळेल ते भात-पोळी-आमटी एकत्र कालवलेलं खोलीवर आणून खायचं. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची मुलंही सुरुवातीच्या काळात माधुकरी मागत. आज तीच संस्था पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखली जाते.

दुसरी वाट वाराची. इथे दारात उभं राहायचं नाही, पानावर बसायचं. मुलानं सात घरं शोधायची आणि प्रत्येक घराशी एकेक वार ठरवायचा. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, वर्षभर. याला म्हणायचं 'वार लावणं'. मिळाले तर सातही वार लागत. नाहीतर वडिलांसारखा एखादा रिकामा राही. रविवारी ते चुरमुरे आणि गूळ खात, वर नळाचं पाणी पीत आणि पर्वती चढून येत. पर्वतीवर गेलं की भूक विसरते असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही हसायचो. पुढे मीही एकदा उपाशीपोटी पर्वती चढून पाहिली. भूक विसरत नाही, वाढते.

या पद्धतीबद्दल मराठी माणूस बोलायला लागला की एकतर गहिवरतो, नाहीतर चिडतो. दोन्हीला कारण आहे. वाराच्या मुलाचं पान पुष्कळ घरी शेवटच्या पंगतीला, दाराशी. घरची मंडळी आटोपली की उरलेलं. 'आज वार कोणाचा?' असं बाई आतून ओरडून विचारत, आणि हा मान खाली घालून ताट वाढण्याची वाट पाहत बसे. त्या बदल्यात पाणी भरणं, पूजेची फुलं आणणं, रडतं पोर फिरवणं हे न सांगता आलंच. घरात सुतक आलं, कोणी गावाला गेलं, की तो वार बुडाला. निरोप देण्याची पद्धत नव्हती. दाराला कुलूप दिसलं की समजायचं.

आणि सावकारांच्या घराबद्दल, म्हणजे शनिवारबद्दल, वडील कधी काही बोलले नाहीत. बाकी सगळ्या घरांच्या आमटीची चव त्यांना सत्तराव्या वर्षीही सांगता यायची. शनिवारचा विषय निघाला की ते उठून गॅलरीत जात. आई नजरेनंच आम्हाला गप्प करायची.

सगळ्यात चांगलं जेवण बुधवारचं. वकिलांकडे भातावर तुपाची धार, पानात दोन कोशिंबिरी, सणावाराला जिलबी. पण वर्षभरात त्या घरातलं कोणी त्यांना नाव विचारलं नाही. 'बुधवारचा मुलगा' हेच नाव. गुरुवारचे कारकून मात्र कोर्टात नोकरीला, पगार बेताचा, घरात पाच मुलं. आमटी इतकी पातळ की वडिलांच्या शब्दांत 'वाटीचा तळ आधी दिसायचा, आमटी नंतर'. पण तिथे पान घरच्या मुलांच्या ओळीत मांडलेलं असे. आणि हात धुतल्यावर लगेच निघायचं नाही असा कारकुनांचा दंडक होता. मंगळवारचा 'केसरी' ते राखून ठेवत. अग्रलेख मोठ्यानं वाचायचा, मग त्यातल्या पाच शब्दांचे अर्थ सांगायचे. न आले तर कारकून सांगत आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारत. अडला तर रागावत नसत. 'उच्चार स्वच्छ हवा, कोकणातला आहेस ना!' एवढंच म्हणत.

एका गुरुवारी वडील गेले तर कारकुनांची आई वारलेली, सुतक चालू. सुतकाच्या घरचं अन्न चालत नाही, म्हणून ते परत फिरले. तेवढ्यात कारकून पंचा नेसून ओसरीवर आले आणि म्हणाले, 'जेवण नाही रे आज. पण वाचन आहे. बस तिकडे, त्या खांबापाशी.' स्पर्श नको म्हणून दोघांच्या मध्ये चार हात अंतर. ओसरीच्या त्या टोकाला एक माणूस, या टोकाला एक उपाशी मुलगा, आणि अग्रलेखाचं वाचन चाललेलं. पाच शब्द झाले. मग कारकुनांनी शेजारच्या घरी सांगून त्याला जेवायला घातलं.

ही गोष्ट वडील शंभर वेळा सांगायचे. प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचे, 'जेवण बुधवारचं, पण वार गुरुवारचा.'

वडिलांना बाप नव्हता. सात घरांत मिळून त्यांना सात बाप मिळाले असं मी लहानपणी समजत असे. मोठेपणी हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की पोट भरणारी घरं सहा होती, आणि बापाच्या जागी उभा राहणारा माणूस एकच. तोही आठवड्यातून दोन तास. पण ते दोन तास ठरलेले होते. कोणीतरी वर्तमानपत्र राखून ठेवलं आहे, आपण न गेलो तर त्या माणसाला कळेल, ही खात्री त्या मुलाला होती. वडील पुढे शिक्षण खात्यात नोकरीला लागले. शेवटपर्यंत त्यांचा उच्चार स्वच्छ होता.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल, काय थोर पद्धत! म्हणून त्या यादीकडे पुन्हा पाहावं लागतं. सहाही वार एकाच जातीच्या घरांतले. नव्हे, तसेच असायचे. वार हा पंगतीचा व्यवहार, आणि पंगतीला जात होती. कुणब्याचा, न्हाव्याचा, महाराचा मुलगा पुण्यात वार लावायला निघाला असता तर पहिल्याच ओसरीवरून खाली उतरला असता. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. परक्या घरी जाऊन जेवणारी मुलगी कोणी कल्पनेतही आणली नसती. पंडिता रमाबाईंना १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढावं लागलं, अण्णासाहेब कर्व्यांना १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढावा लागला, त्याचं एक कारण हेच. मुलग्यांना सात दारं होती. मुलींसाठी मुळात एक दार बांधण्यापासून सुरुवात होती.

ज्याला कोणीच वार दिला नसता अशा एका मुलाची गोष्ट मुंबईतली आहे. शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. परळच्या चाळीतल्या खोलीत माणसांची दाटी, तिथे अभ्यास कुठून होणार? त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक वाचायला येत. शिवाजी महाराजांचं आणि बुद्धाचं चरित्र लिहिणारे ते हेच केळुसकर. रोज पुस्तकात डोकं घालून बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला, जवळ जाऊन चौकशी केली. मुलगा अस्पृश्य होता. केळुसकर त्याला वाचायला पुस्तकं देऊ लागले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. त्याच्या सत्कारात केळुसकरांनी त्याला आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे शिक्षण अडलं तेव्हा त्यांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. भीमराव आंबेडकर हे त्या मुलाचं नाव आज सगळ्यांना ठाऊक आहे. केळुसकरांचं नाव मात्र शाळेच्या पुस्तकात एका ओळीपुरतं येतं.

मला त्या बागेतलं बाकडं फार महत्त्वाचं वाटतं. ओसरी घरमालकाची असते. कोणाला चढू द्यायचं, कोणाला नाही, हे तो ठरवतो. बाकडं कोणाच्याच मालकीचं नाही. तिथे शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसले, मधे चार हात अंतर नव्हतं. भीमरावांना वडील होते आणि मुलाच्या शिक्षणासाठी झिजणारे होते. पण घराबाहेरच्या, दुसऱ्या जातीच्या एका मोठ्या माणसानं आपण होऊन आपल्याकडे यावं, याचं मोल वेगळंच असतं.

ही बाकड्याची जागा कायमची बांधून काढली ती कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसांनी. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगं उभी केली, मराठ्यांची, जैनांची, मुसलमानांची, लिंगायतांची, अस्पृश्यांची. पण तिथेही बहुतेक ठिकाणी जातवार दारं होती. जैन बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या भाऊराव पाटलांना ती दारं लवकरच कळली. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले, आल्यावर अंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगबाहेर पडले. त्याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकच बोर्डिंग सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं.

तिथे धान्य यायचं मुठीमुठीनं. घरोघरची बाई दळायला बसताना एक मूठ बाजूला काढायची, ती गोळा करून पोतं भरायचं. पुण्यात एका घरानं एका मुलाला एक वार द्यायचा. इथे शंभर घरांनी शंभर मुलांना एकेक मूठ द्यायची. यात देणाऱ्याचा उपकार इतका बारीक वाटला जातो की घेणाऱ्याच्या मानेवर त्याचं ओझं राहत नाही. पण मुठींनी पोतं भरतं, मुलाला विचारणारं माणूस नाही मिळत. त्या जागी भाऊराव आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. मुलं त्यांना 'अण्णा' आणि 'वहिनी' म्हणत. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. महार, मांग, मराठा, जैन, सगळी पोरं एका पंगतीला बसलेली आणि वाढणाऱ्या वहिनी एकच. आमच्या वाड्यातल्या कोणाला त्या काळी हे दृश्य सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

तिकडे खानदेशात, अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलाच्या छात्रालयात, १९२४ ते १९३० या काळात आमच्या कोकणातलाच एक शिक्षक होता. पालगडचे साने. मुलं शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, पसारा आवरत. आणि रोज रात्री स्वतःच्या हातानं मजकूर लिहून 'छात्रालय दैनिक' तयार करत. सकाळी मुलं ते वाचायला गर्दी करत. रोज! मास्तरकी करून, खोल्या झाडून, वर रोज एक अंक. आज ज्यांना मुलांच्या 'मोटिव्हेशन'वर व्याख्यान द्यायची हौस आहे, त्यांना मी नेहमी विचारते, तुम्ही सलग सात दिवस काही केलंय का?

वार कसे संपले, याचं उत्तर एका कारणात मावत नाही. दुसऱ्या महायुद्धात रेशनकार्ड आलं, शिधा माणशी मोजून मिळू लागला. मोजक्या शिध्यात परक्या मुलाचं पान कसं बसणार? मग वसतिगृहं वाढली, खाणावळी वाढल्या, फी-माफी आली. १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी पुण्यात विद्यार्थी सहायक समिती काढली. तिथली खेड्यातून आलेली मुलं काम करून शिकत, कोणाच्या ओसरीवर नाही. १९६१ साली पानशेतच्या पुरानं नदीकाठचे वाडे नेले. त्यानंतर जी घरं उभी राहिली त्यांना ओसऱ्या नव्हत्या, दाराला लॅच होतं. वडिलांना या कशाचं दुःख नव्हतं. 'माझ्यासारखं कोणाला जेवावं लागू नये' असं ते म्हणत. फक्त एकदा म्हणाले, 'जेवणाची सोय झाली. वाचनाची कोण करतंय?'

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं असावं. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी एका वस्तीतल्या अभ्यासिकेत नाव दिलं. तिथे प्रत्येक स्वयंसेवकाला एकच मूल सोपवतात. आठवड्यातून एक दिवस, निदान एक वर्ष. फॉर्म भरायचा, दोन ओळखीच्यांची पत्रं द्यायची, पोलीस पडताळणी करायची. शिवाय नियम असा की मुलाबरोबर बसायचं ते सगळ्यांच्या नजरेसमोर, दार बंद करून नाही, त्याला एकट्याला घरी न्यायचं नाही. पहिल्यांदा मला राग आला. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईला चारित्र्याचा दाखला मागता? मग शनिवारचं घर आठवलं, आणि मुकाट्यानं पोलीस चौकीत जाऊन सही केली.

तिथल्या प्रशिक्षणात एका तरुण मुलानं सांगितलं की ही कल्पना अमेरिकेतली. १९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातले अर्नेस्ट कोल्टर रोज कोर्टात येणारी पोरं पाहून हैराण झाले आणि त्यांनी गावातल्या पुरुषांना एकत्र करून सांगितलं, प्रत्येकानं एका मुलाचा मोठा भाऊ व्हा. त्यातून तिकडची 'बिग ब्रदर्स' चळवळ उभी राहिली. मी विचारलं, 'हे कोल्टर कोर्टात काय होते? न्यायाधीश?' तो म्हणाला, 'नाही, क्लार्क.' मी मोठ्यानं हसले. त्याला कारण कळेना. तिकडचाही कारकूनच निघाला!

माझ्या वाट्याला सातवीतली एक मुलगी आली. आई चार घरची धुणी-भांडी करते, बाप आहे पण नसल्यासारखा. पहिल्याच दिवशी तिनं मला 'आजी' म्हटलं, मी 'ताई' म्हण म्हणून सांगितलं, ती म्हणाली, 'ताई म्हणते, पण दिसता आजी.' मी वार घेतला गुरुवारचा. अग्रलेख तिला झेपत नाही. आम्ही वर्तमानपत्रातलं हवामान वाचतो, सोन्याचा भाव वाचतो, मग छोटी बातमी. शेवटी पाच शब्द.

तीन महिन्यांनी पुतण्याच्या लग्नाला नाशिकला गेले. तिला सांगायचं राहून गेलं. मनात म्हटलं, एक गुरुवार तर आहे, कोणीतरी सांगेल. कोणी सांगितलं नाही. ती वही उघडून पायरीवर सात वाजेपर्यंत बसली होती, हे मला परतल्यावर तिथल्या झाडूवाल्या मावशींनी सांगितलं. मावशी रागानं बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. पुढच्या गुरुवारी मुलगी आली, गप्प बसली, पाचही शब्द बरोबर सांगितले आणि उठताना म्हणाली, 'पुढच्या वेळी कुलूप असेल तर आधी सांगा.' अभ्यासिकेला कुलूप नव्हतंच. पण तिचा शब्द बरोबर होता. वार बुडवणाऱ्या घरांच्या यादीत आता मीही होते.

त्यानंतर दीड वर्षात मी दोनदाच चुकले, दोन्ही वेळा आदल्या दिवशी जाऊन सांगून.

मागच्या महिन्यात ती नवी वही घेऊन आली. पहिल्या पानावर पट्टीनं आखून तिनं आठवड्याचा तक्ता केला होता. मला दाखवायला नाही, स्वतःसाठी. मी चष्मा लावून वाचला. सोम, मंगळ, बुध यांच्यापुढे रेघ. शुक्र, शनि, रवि यांच्यापुढे रेघ. मधे एकाच ठिकाणी लाल पेनानं लिहिलं होतं: गुरु – ताई.

वडिलांच्या यादीत एक रेघ होती. हिच्या यादीत सहा आहेत.